श्वासमार्गाची सफाई आणि निगा : परिचर्या प्रशिक्षणाची प्रस्तावना

निरोगी माणसाला आपल्या श्वासमार्गाची सफाई चालू असल्याचे कळतही नाही. श्वासनलिकेच्या अस्तरावर पातळ, चिकट स्रावाचा थर असतो. हवेबरोबर आत गेलेली धूळ, धूर आणि जंतू त्यात अडकतात. अस्तरावरची सूक्ष्म लव सतत वरच्या दिशेने हलत राहून हा स्राव घशापर्यंत आणून सोडते आणि तिथून तो नकळत गिळला जातो. जास्त साचला तर खोकला येतो. खोकण्यासाठी आधी खोल श्वास घ्यावा लागतो, मग स्वरतंतू घट्ट मिटून छातीत दाब तयार व्हावा लागतो आणि शेवटी ते झटक्यात उघडावे लागतात. यातली एक जरी क्रिया चुकली तरी कफ आतच राहतो. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येत नाही, बेशुद्ध माणसाचा खोकला मंदावतो, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्याच्या भीतीने रुग्ण खोल श्वासच घेत नाही. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाचे स्वरतंतू नळीमुळे उघडेच राहतात, म्हणून त्याला मनात आणूनही नीट खोकता येत नाही. शिवाय हवा गरम आणि ओली करण्याचे नाकाचे कामही नळीमुळे टळते, त्यामुळे कफ सुकून घट्ट होतो.

अशा रुग्णाचा कफ बाहेर काढण्यासाठी बारीक नळी आत सोडून ऋण दाबाने तो ओढून घेतात. या सक्शनची कृती एका मिनिटाच्या आत संपते आणि पाहणाऱ्याला सोपी वाटते. दोन आठवड्यांच्या सरावात विद्यार्थिनीचा हात बसतोही. शिकायला वेळ लागतो तो ती केव्हा करायची आणि केव्हा करायची नाही, हे ठरवायला. प्रशिक्षणाचे बहुतेक तास हातावर खर्च होतात आणि निर्णयावर फारच थोडे. या विषयाच्या शिक्षणातली मुख्य उणीव हीच आहे.

सक्शनची किंमत रुग्ण मोजत असतो. नळी कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढते, म्हणून काही सेकंदांत रक्तातला प्राणवायू घटू शकतो आणि फुप्फुसाचे काही कप्पे मिटू शकतात. श्वासनलिकेच्या आतल्या भिंतीला स्पर्श झाला की व्हेगस चेता उत्तेजित होऊन नाडी एकाएकी मंदावते. अर्भकांत हे फार लवकर घडते. अस्तर खरचटून रक्त येते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीतला दाब वाढतो. हाताळणीत हयगय झाली तर बाहेरचे जंतू थेट फुप्फुसात पोहोचतात. म्हणून 'दर दोन तासांनी सक्शन' ही केसपेपरवरची जुनी सूचना आता योग्य मानली जात नाही. घड्याळ पाहून रुग्ण तपासावा, पण सक्शन मात्र त्याची गरज पाहूनच करावे.

ती गरज ओळखायला यंत्रे मदत करतात, पण आधी कान आणि तळहात तयार व्हावे लागतात. घशातली घरघर खोलीच्या दारातूनही ऐकू येते. छातीवर तळहात ठेवला तर मोठ्या नळ्यांतला कफ खरखरत हलताना जाणवतो. स्टेथोस्कोप श्वासनलिकेवर, गळ्याच्या खाचेशी ठेवला की आवाज तिथलाच आहे की खोल फुप्फुसातला, हे बऱ्याच अंशी समजते. खोल तळाशी असलेली बारीक चरचर सक्शनने जात नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात दाबाचा आकडा चढतो किंवा पडद्यावरची प्रवाहाची रेषा करवतीच्या दातांसारखी दिसू लागते. रुग्ण अस्वस्थ होतो, नाकपुड्या फुलतात, पल्स ऑक्सिमीटरचा आकडा उतरू लागतो. आकडा उतरला म्हणजे कफच अडकला असे मात्र नाही. नळी सरकली असेल, सिलिंडर रिकामा झाला असेल किंवा बोट थंडगार पडल्याने यंत्रच चुकीचे दाखवत असेल. ऑक्सिमीटर मुळात अंदाज सांगणारे साधन आहे, आणि गडद त्वचेच्या रुग्णांत ते कधी कधी प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवते, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने पुन्हा दाखवून दिले. विद्यार्थिनीने आधी माणसाकडे पाहावे, मग पडद्याकडे.

निर्णय झाला की तंत्राचे नियम थोडेच आहेत, पण त्यांत सूट नाही. मोठ्या माणसात सक्शनची नळी श्वासनलिकेतल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावी, कारण तिच्या बाजूने हवा आत जायला जागा लागते. हिशेब सोपा आहे : श्वासनलिकेतल्या नळीच्या नंबराला तीनने गुणून दोनने भागायचे. आठ नंबरच्या नळीला १२ नंबरचे कॅथेटर चालते. सात नंबरच्या नळीला उत्तर साडेदहा येते, तेव्हा दहाचे घ्यायचे. ही कॅथेटरे जोडाच्या रंगावरून ओळखतात : दहाचा काळा, बाराचा पांढरा, चौदाचा हिरवा. वॉर्डात हव्या त्या रंगाचे संपले म्हणून हाताला लागेल ते मोठे वापरण्याची सवय विद्यार्थिदशेतच मोडलेली बरी. दाब मोठ्या माणसासाठी साधारण १०० ते १२० मिलिमीटर पारा, फार घट्ट कफ असेल तर १५० पर्यंत. नवजात बाळासाठी ८० ते १००. यंत्राच्या तबकडीवर आकडे ७६० पर्यंत असतात आणि नवखा हात बटण थेट शेवटापर्यंत फिरवतो. दाब बघताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबून धरायचे असते; मोकळ्या नळीवरचा आकडा खोटा असतो, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही.

आत नळी घातलेल्या रुग्णाला आधी अर्धा ते एक मिनिट शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा. कॅथेटर आत जाताना दाब बंद, बाहेर येताना चालू. पूर्ण फेरी १५ सेकंदांच्या आत संपली पाहिजे. विद्यार्थिनीने स्वतःचा श्वास रोखून कॅथेटर घालावे, ही जुन्या सिस्टरांची शिकवण अजूनही उपयोगाची आहे, कारण तिला धाप लागेपर्यंत रुग्णाची अवस्था काय झाली असेल हे तिला अंगावर कळते. कॅथेटर अडेपर्यंत खुपसायचे नाही. आतल्या नळीच्या लांबीइतकेच, फार तर सेंटिमीटरभर पुढे. कफ सुटावा म्हणून नळीत सलाईन ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी अजून चालते. नेहमीचा उपाय म्हणून तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. उलट वरचे जंतू खाली ढकलले जाण्याची भीती असते. कफ पातळ ठेवायचा तर श्वासातली हवा ओलसर ठेवावी आणि रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडू देऊ नये.

हे नियम जगभर सारखेच आहेत. पण ते कुठे वापरायचे यावर प्रशिक्षणाचा भर बदलतो. उदाहरणच घ्यायचे तर, नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातले मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. अन्न महामंडळाची मोठी धान्यकोठारे, पुलांचे लोखंडी सांगाडे तयार करणारा रेल्वेचा कारखाना, पानेवाडीचे इंधनाचे डेपो आणि भोवती कांदा-मका पिकवणारी कोरडवाहू गावे. मनमाडात उपजिल्हा रुग्णालय आहे. पण दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर ठेवावे लागणाऱ्या रुग्णाला मालेगाव किंवा नाशिक गाठावे लागते. मालेगाव चाळीसेक किलोमीटरवर, नाशिक त्याच्या दुपटीहून लांब. म्हणजे इथल्या परिचारिकेला श्वासमार्ग सांभाळायचा असतो तो बहुधा पहिल्या तासात आणि नंतर रस्त्यात. महानगरातल्या अतिदक्षता विभागासाठी लिहिलेली पुस्तके या दोन्हींबद्दल फार थोडे बोलतात.

पहिल्या तासातला सर्वांत कसोटी पाहणारा रुग्ण कीटकनाशक प्यालेला किंवा फवारताना अंगावर घेतलेला. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस औषधे शरीरातले एक महत्त्वाचे विकर निकामी करतात. मग लाळ, घाम, अश्रू आणि श्वासनलिकेतला स्राव यांना खंडच राहत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि रुग्ण स्वतःच्याच स्रावात गुदमरतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. या रुग्णाला सक्शन वारंवार लागते, पण सक्शनने तो बरा होत नाही. ॲट्रोपिनने छाती कोरडी व्हावी लागते, आणि ती झाली की नाही हे खाटेशी उभी असलेली परिचारिकाच आधी सांगू शकते : छातीतली खरखर थांबली का, काख कोरडी झाली का, नाडी वाढली का. ॲट्रोपिनचा अंमल चढल्यावर उरलेला स्राव घट्ट होऊन नळी तुंबवू शकतो, ही पुढची सावधगिरी. आणि रुग्णाचे कपडे आधी उतरवून अंग धुतले नाही, तर सांभाळणाऱ्यांनाही त्याचा त्रास होतो. कोठारांतले धान्य राखायला ज्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडची धुरी देतात, ते पोटात गेलेल्या रुग्णाजवळ तर खिडक्या उघड्याच हव्यात. त्यातून विषारी फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही.

मण्यारीचा दंश वेगळी परीक्षा घेतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत फारसे नाही. सकाळी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते आणि हळूहळू छातीचे स्नायू थकतात. सर्पविषावरची लस दिली तरी आधीच आलेला लुळेपणा लगेच उतरत नाही. रुग्णाला अनेक तास, कधी काही दिवस कृत्रिम श्वास द्यावा लागतो. त्याची शुद्ध मात्र शाबूत असते. डोळे मिटलेल्या, हलू न शकणाऱ्या या माणसाला सगळे ऐकू येत असते, म्हणून कॅथेटर घालण्यापूर्वी त्याला नावाने हाक मारून काय करणार ते सांगणे हा कृतीचाच भाग समजावा. विंचवाच्या विषाने फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णाच्या तोंडी गुलाबी फेस येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने घटले. तो फेस कितीही ओढला तरी पुन्हा भरून येतो, कारण तो हृदयावर पडलेल्या ताणातून आलेला असतो. तोंड मोकळे ठेवण्यापुरते ओढावे, बाकीचे काम औषधाचे.

नवजात बाळाबाबत तर जुने बरेच शिक्षण पुसावे लागते. जन्मताच रडणाऱ्या, हातपाय हलवणाऱ्या बाळाला सक्शनची गरज नसते. केंद्र सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून हेच शिकवतो. गरज पडलीच तर आधी तोंड, मग नाक. नाकात नळी गेली की बाळ दचकून श्वास घेते आणि तोंडातले पाणी आत ओढते. मळ मिसळलेल्या गर्भजलातून आलेल्या मलूल बाळाच्या श्वासनलिकेत सरसकट नळी घालण्याची पद्धतही २०१५ पासून मागे पडली आहे. ओढण्यात वेळ घालवण्यापेक्षा पिशवी-मास्कने श्वास सुरू करणे महत्त्वाचे. प्रसूतिकक्षात वर्षानुवर्षे काम केलेल्या सिस्टरचा हात मात्र आपोआप नळीकडे जातो, आणि विद्यार्थिनी पुस्तकाऐवजी तिचेच पाहून शिकते. शिकवणाऱ्यांचे पुन्हा शिक्षण झाल्याखेरीज हा विषय सुधारणार नाही.

आता रस्ता. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिच्या गाड्यांत डॉक्टर असतो. तरीही मनमाडहून निघालेल्या गाडीत ऑक्सिजनचा हिशेब परिचारिकेला आलाच पाहिजे. लहान बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर दिले तर तो १५० मिनिटे पुरेल; १५ लिटर दिले तर १००च मिनिटे. नाशिकपर्यंतचा प्रवास दीड ते दोन तासांचा, त्यात चांदवडनंतर महामार्गावर गर्दी लागली तर आणखी. म्हणजे जोराने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णासाठी एक सिलिंडर पुरत नाही, आणि हे गाडी निघण्यापूर्वी कागदावर करायचे गणित आहे. ऑक्सिजन थांबला तर काय होते हे नाशिकने पाहिले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण मृत्युमुखी पडले. अशा वेळी पिशवी-मास्क कुठे आहे आणि सुटे सिलिंडर कोणत्या खोलीत, हे शोधत बसायला वेळ नसतो. ते ड्युटीवर येतानाच पाहून ठेवायचे असते.

विजेचेही तसेच. विजेवरच्या सक्शन यंत्राशेजारी पायाने चालवायचे यंत्र असते आणि बहुतेक ठिकाणी त्यावर धूळ बसलेली असते. प्रात्यक्षिकाच्या तासाला वीज मुद्दाम बंद करून सगळ्या विद्यार्थिनींकडून पायाच्या यंत्रावर काम करून घ्यावे. एक पाय पेडलवर, दोन्ही हात रुग्णाजवळ, हा तोल सरावानेच जमतो. पाण्याची गोष्ट आणखी अवघड. मनमाडची पाणीटंचाई जुनी आहे. वागदर्डी धरणाचे पाणी नळाला अनेक दिवसांच्या अंतराने येत आले आहे. सक्शनची बाटली धुणे, नळ्या स्वच्छ करणे, हात धुणे या सगळ्याला पाणी लागते आणि टंचाईत पहिली काटकसर इथेच होते. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचा द्रव पुरतो. लडबडलेल्या हातांना साबण आणि पाण्याला पर्याय नाही. श्वासनलिकेत घातलेले कॅथेटर टाकून द्यावे, धुऊन पुन्हा वापरू नये. बाटली काठोकाठ भरण्याची वाट न पाहता दोन-तृतीयांशाला रिकामी करावी. सक्शन करताना हवेत तुषार उडतात. क्षयरोग असलेल्या राज्यात साधा कापडी मास्क पुरेसा मानणे हा निष्काळजीपणा आहे, तिथे एन-९५ हवा.

हे सारे शिकायचे कोणी? महाराष्ट्रात दोन वर्षांचा सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम, तीन वर्षांचा जनरल नर्सिंगचा आणि चार वर्षांची पदवी अशा पायऱ्या आहेत. पदवीच्या परीक्षा नाशिकमध्येच १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. या पायऱ्यांखाली रुग्णसहायकांचे कौशल्य-अभ्यासक्रम. कोविडच्या काळात, १८ जून २०२१ला, केंद्राने एक लाख तरुणांसाठी सहा कामांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले, त्यात आपत्कालीन आणि प्रगत सेवेसाठीही मदतनीस घडवायचे होते. संकटात याला इलाज नसतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवलेल्या रुग्णांना हाताने पिशवी दाबून श्वास द्यायची पद्धत रूढ केली, आणि ते काम सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून केले. अतिदक्षता विभागाचा आरंभ तिथे झाला असे मानतात. त्या रुग्णांच्या श्वासनलिकेतली घाणही सतत ओढून काढावी लागे. तज्ज्ञ मात्र सतत हाकेच्या अंतरावर होते. आपल्याकडे नेमके हेच सुटते. मर्यादा स्पष्ट असावी : तोंडातली लाळ-उलटी काढणे रुग्णसहायकालाही यावे, पण श्वासनलिकेतल्या नळीतून सक्शन हे नोंदणीकृत परिचारिकेचे काम, आणि विद्यार्थिनीने ते शिक्षिका शेजारी असतानाच करावे.

पुतळ्यावरच्या सरावाला मर्यादा आहेत. रबरी पुतळा खोकत नाही, नाडी मंदावत नाही, डोळ्यांतून पाणी काढत नाही. त्यावर निर्जंतुक हातमोज्यांची शिस्त येते, कॅथेटर एका हाताने धरायची सवय लागते, एवढाच त्याचा उपयोग. पुढचे शिक्षण वॉर्डातच होते, आणि तिथे लॉगबुकात 'सक्शन — दहा वेळा' अशा नोंदी भरून घेण्याला फारसा अर्थ नाही. रुग्ण तपासला, ऐकला, आणि सक्शन नको असे ठरवले, अशी नोंद लॉगबुकात असायला हवी. परीक्षकाने कारण विचारावे आणि त्या निर्णयाला गुण द्यावेत.

कृतीनंतरचे काम पुष्कळदा राहूनच जाते. कफ किती, कोणत्या रंगाचा, रक्त होते का, नाडी आणि ऑक्सिजन आधी किती, नंतर किती, याची नोंद हवी. हिरवट-पिवळा, दुर्गंधीचा कफ कालपासून वाढला आहे, हे पुढच्या पाळीच्या सिस्टरला नोंदीतूनच कळते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणे, तोंडाची स्वच्छता, श्वासनलिकेतल्या नळीभोवतीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी इतका राखणे, कूस बदलणे, छातीवर थोपटणे, शक्य त्याला बसवून खोकायला लावणे : या रोजच्या कामांनी सक्शनची गरजच कमी होते. दमेकऱ्यांना आणि चुलीच्या धुराने छाती खराब झालेल्या म्हाताऱ्यांना तर नळीपेक्षा खोकण्याची रीत शिकवणे जास्त उपयोगी ठरते. धुराने छाती खराब झालेल्यांना ऑक्सिजनही बेताने द्यायचा, ८८ ते ९२ टक्क्यांच्या घरात. शंभरावर नेण्याच्या उत्साहात श्वास मंदावलेले रुग्ण प्रत्येक रुग्णालयाने पाहिलेले आहेत.

शेवटचा टप्पा रुग्ण घरी जाण्याचा. तंबाखूने घसा गमावलेले, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले रुग्ण गळ्यातल्या नळीसकट गावी जातात, आणि पुढचे सक्शन सून, मुलगा किंवा आई करते. त्यांना तोंडी सूचना देऊन किंवा छापील पत्रक हातात ठेवून भागत नाही. घरात वीज किती तास असते, पाणी उकळून ठेवायला भांडे आहे का, रात्री उठणार कोण, हे विचारून घ्यावे. घरच्या माणसाने विद्यार्थिनीसमोर स्वतःच्या हाताने, किमान दोनदा, नीट सक्शन करून दाखवल्याशिवाय त्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड भरू नये.